हिफ्ज टिकवण्यासाठी केलेला दौर : माझा अनुभव

कुरआन पाठ करण्यात, म्हणजे हिफ्जमध्ये, माझी जेवढी वर्षे गेली, त्याहून किती तरी अधिक वर्षे ते पाठ राखण्यात गेली आहेत. हिफ्ज कसे करावे याबद्दल मदरशात, मोहल्ल्यात आणि घरात पुष्कळ बोलले जाते. मात्र दस्तारबंदी (हिफ्ज पूर्ण झाल्यावर पगडी बांधण्याचा समारंभ) होऊन मुलगा गावी परतला, नोकरीला लागला, संसारात पडला, की कुरआनचे ३० पारे (भाग) त्याच्याजवळ कसे राहतात, याची फारशी कोणी चौकशी करत नाही. मी दाभोळला राहतो आणि खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. दिवसाचा मोठा भाग शाळा आणि जाण्यायेण्यात जातो, तेव्हा माझा अनुभव मदरशात राहणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा नोकरदार हाफिजाला (पूर्ण कुरआन पाठ असणाऱ्याला) अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

मदरशात दिवसाचे तीन भाग असत. नवा पाठ म्हणजे सबक, नुकताच पाठ झालेला भाग म्हणजे सबकी आणि जुने पारे म्हणजे मंजिल. उस्ताद तिन्ही ऐकत आणि प्रत्येक पाऱ्यातल्या गलती व अटकन मोजत. चुकीचा शब्द उच्चारला तर ती गलती. शब्द आठवेना म्हणून थांबलो, पण स्वतःच पुढे गेलो, तर ती अटकन. ही व्यवस्था बाहेर पडताच संपते, कारण ती ऐकणाऱ्यावर उभी असते. घरी आलेला हाफिज रोज तिलावत (कुरआनचे पठण) करतो खरा, पण प्रत समोर ठेवून. डोळा ओळीवर असला की जीभ सहज चालते आणि पारा पक्का असल्याचा भास होतो. प्रत मिटून तोच पारा दुसऱ्याला ऐकवायला बसले, की कुठे काय निसटले आहे ते कळते.

माझ्या बाबतीत सगळे पारे सारखे निसटले नव्हते, आणि त्यामागे कारण होते. शेवटचा पारा रोजच्या नमाजात येतो. सूरा (अध्याय) कहफ दर शुक्रवारी, सूरा मुल्क रात्री झोपण्यापूर्वी आणि सूरा यासीन वारंवार वाचली जाते, म्हणून ते भाग आपोआप ताजे राहतात. आम्ही शाफई विधिपंथाचे असल्यामुळे जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजात, सूरा सजदा आणि सूरा दहर वाचण्याची रीत आहे, त्यामुळे त्याही पक्क्या होत्या. कच्चे होते ते मधले पारे, ज्यांच्याकडे सवयीने कोणी वळत नाही. म्हणून सर्वप्रथम मी सर्व पारे एकेक करून ऐकवले आणि प्रत्येकापुढे गलती व अटकन लिहून काढल्या. पाऱ्यांच्या क्रमाने डोळे मिटून फिरण्यापेक्षा हा कागद समोर असणे मला फार उपयोगी पडले.

ऐकणारा मिळवणे हेच सर्वांत अवघड होते. मोहल्ल्यात दुसरा हाफिज होता, पण तो वर्षातला बराच काळ मुंबईला असे. शेवटी शेजारचे एक चाचा तयार झाले. ते हाफिज नाहीत. आयुष्य मासेमारीत गेले, पण नाजिरा (प्रतीत पाहून केलेली) तिलावत स्वच्छ आहे आणि नजर ओळीवरून हलत नाही. मी वाचतो, ते प्रतीवर बोट ठेवून ऐकतात आणि चुकलो की एवढेच म्हणतात, “हाफिजसाहेब, मागून घ्या.” बरोबर शब्द ते लगेच सांगत नाहीत, आणि हे मला फार मोलाचे वाटते. दोन आयती (वचने) मागे जाऊन स्वतः शोधलेला शब्द राहतो. ऐकून घेतलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. ऐकणारा हाफिजच असला पाहिजे, हा समज सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळापत्रक ठरवताना पहिला मोह सात मंजिलांचा होता; इथे मंजिल म्हणजे कुरआनच्या सात हिश्श्यांपैकी एक. कुरआन सात दिवसांत पूर्ण करण्याची ही जुनी वाटणी ‘फमी बिशौक’ या अक्षरांत साठवलेली आहे : फातिहा, माइदा, यूनुस, बनी इस्राईल, शुअरा, साफ्फात आणि काफ, म्हणजे त्या त्या दिवसाची सुरुवात. सरासरी रोज चार पाऱ्यांहून अधिक होतात, आणि नोकरी करणाऱ्याला ते निभणे कठीण. मी रोज एक पारा धरला, म्हणजे महिन्याला एक दौर (पूर्ण कुरआनची उजळणी), आणि कागदावरच्या कच्च्या पाऱ्यांपैकी एकाचा पाव भाग रोज वेगळा. जास्त नेमायचे आणि आठवड्यातून दोनदा चुकवायचे, त्यापेक्षा कमी नेमून ते न चुकवणे बरे, यावर मी आता ठाम आहे.

फजरनंतर अर्धा पारा प्रतीवरून एकदा पाहून घेतो आणि मिटून म्हणतो. प्रत तीच, पंधरा ओळींची हाफिजी, जिच्यावरून पाठ केले. तिचे प्रत्येक पान आयत संपते तिथेच संपते, आणि आयत पानाच्या वर होती की खाली, डावीकडे की उजवीकडे, हेही स्मरणात बसलेले असते. फोनवरच्या छापाची पाने वेगळी पडत असल्याने दौरासाठी मी फोन वापरत नाही. उरलेला अर्धा पारा धोपाव्याच्या फेरीबोटीवर जाता-येता होतो. तोंडपाठ म्हणायला वजू (नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुणे) असणे बंधनकारक नाही. प्रतीला स्पर्श करायचा तर ते लागते. त्यामुळे बोटीवर अडचण येत नाही. पावसाळ्यात इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा असतो की थोड्या मोठ्याने म्हटले तरी शेजाऱ्याला ऐकू जात नाही, आणि ओठ हलवून म्हणणे मनातल्या मनात म्हणण्यापेक्षा किती तरी चांगले. मनातल्या मनात म्हणताना कच्ची जागा अलगद ओलांडली जाते.

रात्री तोच पारा नफिल (ऐच्छिक) नमाजात वाचतो. नमाजात मी प्रत हाती घेत नाही, म्हणून अडलो की तिथेच झुंजावे लागते किंवा पठण थांबवून रुकूत (कमरेतून वाकून) जावे लागते. ज्या पाऱ्यात असे होते, तो दुसऱ्या दिवशी चाचांकडे जातो.

सर्वांत अधिक वेळ मुतशाबिहातवर गेला, म्हणजे एकमेकींसारख्या आयतींवर. आठव्या पाऱ्यात सूरा अनआममध्ये ‘नह्नु नरजुकुकुम व इय्याहुम’ आहे, तर पंधराव्यात बनी इस्राईलमध्ये ‘नह्नु नरजुकुहुम व इय्याकुम’. पहिल्या ठिकाणी गरिबी आलेलीच आहे, म्हणून ‘तुम्हाला आणि त्यांना (मुलांना)’ रोजी देण्याची हमी. दुसऱ्या ठिकाणी पुढे गरिबी येईल अशी भीती आहे, म्हणून आधी मुलांना आणि मग तुम्हाला. अर्थ कळल्यापासून ही जोडी कधी उलटली नाही. सूरा बकराच्या ५८व्या आणि सूरा आराफच्या १६१व्या आयतीत मात्र दारातून सजदा करत (नतमस्तक होत) शिरणे आणि ‘हित्ततुन’ म्हणणे यांचा क्रम उलटा आहे. तिथे मला अर्थाचा आधार सापडला नाही, म्हणून दोन्ही आयती एकापाठोपाठ एक म्हणून फरक ठसवला. अशा जोड्यांची एक वही केली आहे आणि ती वाढतेच आहे.

रमजानची तयारी आधीच्या शाबान महिन्यात सुरू होते. तरावीहमध्ये, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजात, पहिल्या बारा रात्री सवा पारा आणि पुढे रोज एक पारा धरला, की २७व्या रात्री बरोबर खत्म होतो. आम्ही दोघे हाफिज वीस रकातींतल्या (नमाजाच्या आवर्तनांतल्या) दहा-दहा घेतो. एक वाचतो तेव्हा दुसरा मागे सामेअ (ऐकणारा) म्हणून उभा राहून लुकमा देतो, म्हणजे अडलेला शब्द सांगतो. मी शिकलो तो मदरसा हनफी या दुसऱ्या विधिपंथाचा होता, तिथे सूरा सादमधली सजद्याची आयत आली की सजदा करत. आमच्याकडे तो नमाजात करत नाहीत, उलट सूरा हजमधला दुसरा सजदा करतात. अंगवळणी पडलेली ही गोष्ट बदलण्यासाठी मी माझ्या प्रतीत त्या दोन्ही पानांवर पेन्सिलीची खूण केली आहे. देवदूत हजरत जिब्रील दर रमजानमध्ये प्रेषितांसोबत कुरआनचा दौर करत आणि अखेरच्या वर्षी तो दोनदा झाला, असे बुखारी या हदीससंग्रहात (प्रेषितांची वचने व आठवणी) आहे. पाठ असूनही ऐकवणे त्यांनाही होते, हे वाचल्यापासून चाचांसमोर बसताना मला संकोच वाटत नाही. पाठ केलेले कुरआन दाव्यातल्या उंटाहून लवकर सुटते, हेही हदीसमध्येच सांगितले आहे, आणि माझ्या कागदावरच्या खुणा त्याला पुरेपूर दुजोरा देतात.

आता मे महिन्याच्या सुट्टीत मी रोज तीन पारे घेऊन दहा दिवसांचा दौर करतो आणि शाळा उघडली की पुन्हा एका पाऱ्यावर येतो. चाचांची नजर अलीकडे मंद झाली आहे, म्हणून बारीक छापाची प्रत ठेवून त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांची घेतली आहे. माझा भाचा सध्या हिफ्ज करतो आहे; सुट्टीत तो घरी असला की दहावा आणि अकरावा पारा त्याला ऐकवतो, कारण सूरा तौबाच्या मधल्या रुकूंमध्ये (परिच्छेदांमध्ये) माझी अटकन अजून गेलेली नाही.