मागे राहिलेला फॉइनेव्हन

मला घोड्यांच्या रेसमधलं ओ की ठो कळत नाही, पैसे लावणं तर दूरच. पण १९६७ च्या ग्रँड नॅशनलचा तो ब्लॅक अँड व्हाइट व्हिडिओ अधूनमधून लावून बघतो आणि दरवेळी तेवढीच मजा येते. लिव्हरपूलच्या एनट्री कोर्सवरची रेस, जवळपास सात किलोमीटर, वाटेत ३० फेन्स, त्यावरून घोड्यांनी उड्या मारत जायचं, आणि त्या वर्षी ४४ घोडे. त्यातला एक फॉइनेव्हन, भाव एकाला शंभर. म्हणजे कोणी त्याला हिशोबातच धरलं नव्हतं. मालक आलाच नाही, आणि ट्रेनर जॉन केम्प्टन त्याच दिवशी वूस्टरला दुसऱ्याच घोड्यावर बसून रेस पळत होता (आणि तीही जिंकला, बोला!). फॉइनेव्हनवरचा जॉकी जॉन बकिंगहॅम तर नॅशनलमध्ये पहिल्यांदाच उतरलेला. ह्या घोड्याची एक मैत्रीण होती, सुझी नावाची पांढरी शेळी, हे मला फार आवडतं.

तर झालं असं की पॉपम डाऊन नावाच्या घोड्याचा जॉकी पहिल्याच फेन्सला पडला आणि हा पठ्ठ्या मोकळाच सगळ्यांबरोबर पळत राहिला. २३ व्या फेन्सला, जी म्हणे सगळ्यात लहान फेन्सपैकी एक, ह्याने उडी मारायच्या ऐवजी आडवी धाव घेतली आणि मग जे काही झालं ते दादरच्या जिन्यावर संध्याकाळी एकजण अचानक उलटा फिरावा तसं, एकावर एक घोडे, जॉकी फेन्सच्या पलीकडे आणि घोडे अलीकडे, फेव्हरिट हनी एंडही त्यातच अडकला. फॉइनेव्हन इतका मागे होता की बकिंगहॅमला समोरचा गोंधळ बघायला वेळ मिळाला, त्याने बाजूला फट शोधली आणि घोडा पहिल्याच झटक्यात पलीकडे.

लोक म्हणतात नशीब. असेल, पण मला ते अर्धवट वाटतं. मागून येणारा तो काही एकटा नव्हता, फट बाकीच्यांनाही दिसू शकली असती, आणि त्यानंतरही एकट्याने अजून सात फेन्स मारायच्या होत्या, मागून हनी एंड अंतर तोडत येतोय, पुढे दिशा दाखवायला कोणी नाही. तो थकला, पण पडला नाही, १५ लेंग्थने, म्हणजे पंधरा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकला. टोटने (म्हणजे सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात ती बेटिंग) एकाला ४४४ दिले, म्हणजे बुकींच्या भावाच्या चौपटीहून जास्त!

१९८४ मध्ये त्या २३ व्या फेन्सला ऑफिशियली फॉइनेव्हनचं नाव दिलं. त्याच्या अलीकडची फेन्स म्हणजे बीचर्स ब्रूक, १८३९ साली तिथल्या ओढ्यात पडलेल्या कॅप्टन बीचरच्या नावाची. एक पडल्याबद्दल, लगेच पुढची न पडल्याबद्दल. इंग्रजांचं काही सांगता येत नाही.