सातोंडाच्या पोटातला समुद्र

साठ मीटर खोलीवरचं पाणी वर आलं, बाटलीची तोटी उघडली आणि आमच्या नाखव्यांनी खांद्यावरचा पंचा नाकाला लावला. सडक्या अंड्यांचा उग्र वास. मला मात्र तो वास माहेरचा वाटला. माझं बालपण मेहकरचं. लोणारच्या सरोवराकाठचा काळा चिखल पायाखाली ढवळला गेला की हाच वास उठतो.

पण हे लोणार नव्हतं. इंडोनेशियात सुंबावा बेटाच्या उत्तरेला, फ्लोरेस समुद्रात, सातोंडा नावाचं ज्वालामुखीचं छोटं बेट आहे. त्याच्या मुखात खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, मोतितोई. आपल्या कानाला त्यात मोती ऐकू येतो, पण तिथल्या बिमा भाषेत मोती म्हणजे समुद्र आणि तोई म्हणजे लहान. मी पाण्याचं रसायन तपासते, तेही खाऱ्या, अल्कधर्मी सरोवरांचं. त्यामुळे हे नाव मी पंधरा वर्षं शोधनिबंधांत वाचत होते. प्रत्यक्ष पाहण्याचा योग गेल्या वर्षीच्या कोरड्या हंगामात आला.

पहाटे किनाऱ्यावरून मचवा निघाला तेव्हा पाठीमागे तांबोरा उभा होता. 10 एप्रिल 1815 च्या महास्फोटाआधी हा पर्वत चार हजार मीटरहून उंच होता असं मानतात. आज तो सुमारे 2,850 मीटर आहे आणि माथ्यावर सहा किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. त्या स्फोटामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. समोर बसलेल्या नाखव्यांचे पूर्वज त्या राखेखालून उरलेल्यांपैकी होते, हे मात्र मचव्यात बसल्यावर कळलं. मग बराच वेळ मी काही बोलले नाही.

सातोंडाच्या धक्क्यावरून पायऱ्या चढून मुखाच्या कडेवर पोचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पाठीमागे लाटांचा आवाज, पुढे खाली हिरवट, निश्चल पाणी. दोन्ही पाण्यांची पातळी जवळजवळ सारखीच, मध्ये फक्त ही डोंगराची भिंत. काठावरच्या झाडांच्या फांद्यांना दोऱ्यांनी शेकडो दगड टांगलेले होते. इच्छा मनात धरायची आणि दगड बांधायचा. आपल्याकडच्या नवसाच्या झाडांसारखंच.

त्या दगडांकडे पाहताना माझ्या पोटात गोळा आला. बहुतेक दगड समुद्रकाठच्या मेलेल्या पोवळ्याचे होते, पण दोन-तीन सरोवरातले होते, ताजे फोडलेले. सरोवराच्या कडेने पाण्याखाली जे गोवरीसारखे खडबडीत थर दिसतात, ते साधे खडक नव्हेत. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू, आणि लाल शैवालं यांनी चुन्याचा कण कण बसवत ते उभारलेत, आणि वरचा पापुद्रा अजून जिवंत आहे. श्टेफान केम्प आणि युझेफ काझमिएर्चाक या संशोधकांनी 1980 च्या दशकापासून त्यांचा अभ्यास केला. प्राणी अवतरण्यापूर्वी पृथ्वीवरच्या उथळ समुद्रांचे काठ अशाच सूक्ष्मजीवांनी बांधलेले होते. आजच्या समुद्रात गोगलगायी त्यांना चरून टाकतात, पोवळी त्यांची जागा घेतात. इथे पाणी समुद्राहून अल्कधर्मी, जीवांच्या जाती मोजक्या, म्हणून ते टिकलेत. मी हे सगळं नाखव्यांना सांगितलं, आमची इंडोनेशियन सहकारी भाषांतर करत होती. माझा आवाज जरा चढलाच असावा. ते शांतपणे म्हणाले, “इबू (म्हणजे बाई), हा दगड जिवंत आहे असं आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नाही.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारभर रबरी होडीतून काम चाललं. सरोवर सुमारे 70 मीटर खोल. प्रोब, म्हणजे मोजणीचं उपकरण, खाली सोडला की वीस-बावीस मीटरपर्यंत आकडे फारसे हलत नाहीत, मग क्षारता एकदम उडी घेते आणि प्राणवायू संपतो. खालचं जड पाणी वर येत नाही, वरचं खाली जात नाही. तळाशी प्राणवायूविना जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे त्या सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, तयार होतो, आणि पाण्याची अल्कधर्मीताही वाढते. वरच्या काठावर जो चुना बसतो त्याची तयारी अशी तळाच्या अंधारात होते.

दोरीवरून वजन सोडून बाटली खोलवर बंद करायची, वर ओढायची, नमुन्यात लगेच झिंक ॲसिटेट घालायचं. पांढरा ढग उसळला, म्हणजे सल्फाइड बांधला गेला. माझ्या बोटातली चांदीची अंगठी तोवर काळवंडली होती.

“1815 च्या लाटेने समुद्र इथे आत आला,” नाखवे म्हणाले. लहानपणापासून त्यांनी तेच ऐकलेलं. मी सांगितलं की काठावरचे थर त्याहून कितीतरी जुने आहेत, हजारो वर्षांचे. समुद्र फार आधी आत आला आणि मग इथेच राहिला. त्यांनी मान हलवली, पण पटलं की नाही कळेना. मग मी फोनवर लोणारचा फोटो दाखवला, जून 2020 चा, पाणी गुलाबी झालं होतं तेव्हाचा.

“इथे समुद्र कुठून आला?”

“आलाच नाही. जवळपास समुद्रच नाही. आकाशातून उल्का पडून हा खड्डा झाला. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. काळ्या खडकातले क्षार साठत जातात, पाणी उडून जातं.”

ते हसले. लाटेची गोष्ट त्यांना अजूनही अधिक खरी वाटत असणार. “आणि तिथेही लोक दगड बांधतात?”

“देवळं आहेत काठाने. नवस होतात.”

परतीला निघालो तेव्हा सूर्य सुंबावाच्या समुद्रात टेकला होता. नमुन्यांची पेटी मचव्यात चढवून मी वळून पाहिलं तर नाखवे अजून किनाऱ्यावर वाकून काही शोधत होते. हातात एक पांढरा तुकडा घेऊन आले.

“इबू, हा बाहेरचा ना?”

मी उलटून पाहिला. पृष्ठभागावर पोवळ्याच्या चांदण्यांसारख्या बारीक छिद्रांची रांग होती.

“बाहेरचा.”

ते पायऱ्या चढून गेले. आम्ही इंजिन बंद ठेवून थांबलो. ते उतरून येईपर्यंत बेटावरची मोठी वटवाघळं उठली होती, हजारोंनी, आणि डोक्यावरून सुंबावाकडे निघाली होती.