टॉवर बोलतो पण, बघतो पण

पणजी-बेती फेरीबोटीत मोबाईलला रेंज देणारा टॉवर तीच बोट रडारसारखी ‘बघू’ पण शकतो, ही आयडिया मला जाम आवडते. टॉवरने काय डेटा पाठवला ते त्याला स्वतःला माहीतच असतं, मग बोटीवर आपटून आलेल्या एकोला त्या डेटाने भागायचं की उरतो फक्त चॅनल (म्हणजे टॉवर-बोट-टॉवर या रस्त्याने सिग्नलमध्ये केलेला बदल), त्यातला उशीर म्हणजे अंतर (जाऊन-येऊन 1 मायक्रोसेकंद = 150 मीटर) आणि डॉप्लर, म्हणजे हलत्या वस्तूमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, म्हणजे वेग. 3.5 गिगाहर्ट्झवर सेकंदाला 3 मीटरने सरळ टॉवरकडे येणारी बोट फ्रिक्वेन्सी जेमतेम 70 हर्ट्झ सरकवते! 100 मेगाहर्ट्झ बँडविड्थ (सिग्नलने व्यापलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा) असली तर दीड मीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू साध्या एफएफटीने (सिग्नल फ्रिक्वेन्सींमध्ये फोडायचं गणित) वेगळ्या दिसत नाहीत. खरी कटकट वेगळीच, टॉवरचा स्वतःचाच आवाज रिसीव्हरमध्ये घुसतो आणि बिचारा एको त्यात बुडतो, तो आवाज आधी वजा करा, मग बाकीचं गणित.