तुम्ही विचारलंत म्हणून: फियाटला तेल कोणतं घालता?

पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नाच्या हॉलबाहेर विचारतात, एकदा तर स्मशानाच्या फाटकाशी विचारलं. गाडी उभी केली की कुणीतरी जवळ येतं, बॉनेटवरून हात फिरवतं, "आमच्या काकांकडे होती" म्हणतं आणि आवाज उतरवून पुढे सरकतं, "तेल कोणतं घालता हो हिला?" जणू नव्वदीतल्या आजोबांच्या पथ्याचं गुपित माझ्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात तुम्हीही फोनवर तेच विचारलंत. वडिलांची १९८६ची पद्मिनी चार वर्षं शेडमध्ये उभी आहे, दसऱ्याआधी चालू करायची आहे, इंजिनला आणि गिअरबॉक्सला काय आणू? मी गडबडीत होतो. "ट्वेंटी-फिफ्टी आणा" एवढं बोलून मोकळा झालो. ते खोटं नव्हतं, पण तेवढ्यावर तुम्ही दुकानात गेलात तर माझ्यासारखेच फसाल.

माझी गाडी १९७४ची. त्याच सुमाराला प्रीमियर प्रेसिडेंटची प्रीमियर पद्मिनी झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण कोल्हापुरात तिला आजही सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखाली हातगिअर. वयाने ती आता पन्नाशीपुढे गेली. २०२१च्या नियमाप्रमाणे तिला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो, पण मग रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. मला तिच्यातून भाजी आणायची असते, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

वडील गेल्यावर माझीही पाच-सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. चालू करायची ठरवली तेव्हा मी उत्साहाच्या भरात दोन गोष्टी केल्या. आधी इंजिन फ्लशची, म्हणजे आतला गाळ धुणाऱ्या औषधाची, बाटली ओतून इंजिन फिरवलं, आणि मग दुकानातलं सगळ्यात महाग, नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक ऑइल घातलं. ५डब्ल्यू-३०, २०२०मध्ये आलेल्या एसपी दर्जाचं (इंजिन ऑइलच्या दर्जात 'एस'नंतरचं अक्षर जितकं पुढचं, तितका तो नवा). म्हटलं, म्हातारीची चैन होऊ दे. तिसऱ्या दिवशी फरशीवर बशीएवढा डाग. आठव्या दिवशी रंकाळ्याजवळ सिग्नलला उभा असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तिथेच इंजिन बंद केलं आणि गाडी ओढून नेली.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, उतरवलं. ऑइल पंपाच्या जाळीवर काळा चिखल बसला होता, शेणाच्या गोवरीसारखा. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "धुतलासा कशाला ओ? घाणच हिचं पॅकिंग हुती."

हसण्यावारी नेलं, पण नेमकं तेच घडलं होतं. जुन्या तेलात धुलाईचे घटक कमी असायचे, त्यामुळे वर्षानुवर्षांचा गाळ भिंतींना, कोपऱ्यांना चिकटून बसतो. कडक झालेल्या ऑइल सीलच्या फटीही तोच बुजवतो. फ्लशने तो सगळा एकदम सुटला आणि जाळीवर जाऊन बसला. वर माझं पातळ तेल. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट पन्नास वर्षांत थोडी वाढलेली असते. त्या फटीतून पातळ तेल भराभर निसटतं आणि दाब टिकत नाही, विशेषतः इंजिन तापलेलं आणि आयडलिंगवर असताना. दोष तेलाचा नव्हता. ते तेल बारीक फटींच्या इंजिनासाठी बनवलेलं, मी ते भलत्याच घरात घातलं.

म्हणून २०डब्ल्यू-५०, म्हणजे फोनवरचं ते ट्वेंटी-फिफ्टी. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीतलं वागणं. २० हा थंडीतला दर्जा ठरवताना तेल उणे १५ अंशाला इंजिन फिरू देतं का ते तपासतात. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिम दिसलं की बातमी होते. तेव्हा ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यूचे जास्तीचे पैसे आपण कोणत्या थंडीसाठी मोजायचे? दुसरा आकडा महत्त्वाचा. ५० म्हणजे १०० अंशांना तापल्यावरही तेल अंगाने भरलेलं राहतं. इंजिन नुकतंच बांधलेलं असेल, बेअरिंग नवी असतील, तर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० पुरतं. पण दिवा लुकलुकतो म्हणून त्याहून जाड घालत सुटू नका. सकाळी पहिल्या सेल्फला जाड तेल वर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि झीज नेमकी तेव्हाच होते.

आता जस्ताची गोष्ट, कारण यावरून माझी बरीच भांडणं झाली आहेत. या इंजिनात कॅमचा लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा, टॅपेट नावाच्या ठोकळ्याच्या सपाट तळावर घासत फिरतो. नव्या गाड्यांत बहुधा तिथे रोलर असतो. सपाट टॅपेटला वाचवतं ते तेलातलं जस्त आणि फॉस्फरस यांचं संयुग, झेडडीडीपी. दाबाखाली ते धातूवर एक बारीकसा थर धरतं. पण हाच फॉस्फरस धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक, म्हणून २००४च्या एसएम दर्जापासून तो ०.०८ टक्क्यांवर आणला. तिथून 'नवं तेल जुन्या गाडीला विष' अशी आरोळी उठली. ती अर्धी खरी आहे. मर्यादा पातळ ग्रेडना आहे, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. २०डब्ल्यू-५० तिच्या बाहेर राहतं. त्यामुळे एखाद्या ओळखीच्या कंपनीचं साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या. कॅमच्या काळजीने झोप उडणार असेल तर डब्याबरोबरचा माहितीपत्रकाचा कागद मागा, काही कंपन्या त्यात जस्ताचं प्रमाण लिहितात. खुलं तेल मात्र पिंपातून कुणी कितीही प्रेमाने ओतून देऊ दे, घेऊ नका. कंपनी कोणती, हे मी सांगत नाही. तो वाद मिसळीसारखा आहे.

किती दिवसांनी बदलायचं? माझी गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर फिरते. किलोमीटर मोजत बसलो तर तीन-तीन वर्षं तेच तेल राहील. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतं. लांब पल्ला मारला तर तापून उडून जातं. महाद्वार रोडपर्यंत जाऊन परत आणलेल्या गाडीत ते तिथेच राहतं, तेलात आम्ल होतं आणि ऑइलच्या झाकणाच्या आत लोण्यासारखी पांढरट साय धरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतर ती हमखास दिसते. म्हणून माझा मुहूर्त ठरलेला: खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. पूजेला गाडी पोटातून स्वच्छ असते.

पद्धत अशी. गाडी आधी दहा किलोमीटर फिरवून आणायची. गरम तेल गाळाला घेऊन बाहेर येतं, थंड तेल गाळ मागे ठेवून एकटंच येतं. हात भाजतो, तो भाजतोच. ड्रेन नटाखाली तांब्याचा वायसर असेल आणि नवा मिळाला नाही, तर जुना गॅसवर लालबुंद तापवून पाण्यात टाका. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं. मी हे स्वयंपाकघरात एकदाच केलं, आता अंगणात स्टोव्हवर करतो. फिल्टर दरवेळी नवा. तेल आधी तीन लिटर, मग तेल मोजायची पट्टी बघत बघत. शेवटी कॉइलची वायर काढून दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचा, म्हणजे इंजिन पेटायच्या आधी तेल वर पोचलेलं असतं.

आणि पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. वास घ्या. इंजिनवरच्या छोट्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं. माझ्या गाडीत एकदा झालं. तेल पाण्यासारखं पातळ आणि पातळी दोन बोटं वर. तसंच चालवलं असतं तर बेअरिंगांचं काही खरं नव्हतं.

आता गिअरबॉक्स. लोक सगळा जीव इंजिनच्या तेलात घालतात आणि खरा घोटाळा इथे होतो. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असा वर्ग लिहिलेला असतो. दुकानातला पोरगा भला असतो. तो म्हणतो, "काका, जीएल-४ जुनं झालं, हे घ्या जीएल-५, पुढचं आहे." इंजिन ऑइलमध्ये पुढचं अक्षर म्हणजे नवं, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे पटतं. पण इथे तो आकडा दर्जाची पायरी नाही, कामाची जात आहे. जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसचे घटक जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात, कारण ते मागच्या डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनसाठी, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी जोडीसाठी आहे, जिथे दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, घसरतही जातात. ते गंधक पोलादाला वाचवतं आणि पिवळ्या धातूला खातं. देवघरातली चांदी कशी आपसूक काळी पडते, तोच प्रकार, फक्त इथे उष्णताही असते. जुन्या गिअरबॉक्सांतल्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या) आणि काशाचे बुश त्याला बळी पडतात. तेल कंपन्या याची परीक्षाही घेतात: घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात तीन तास बुडवून ठेवायची आणि तिचा रंग किती उतरला ते बघायचं.

दुसरं असं, की सिंक्रोला घर्षण हवं असतं. तेल फार निसरडं झालं तर रिंग गिअरचा वेग पकडू शकत नाही, ती नुसती घसरत राहते. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी जीएल-५ घातलं होतं. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना दरवेळी कर्रर्र. मी वर्षभर स्वतःच्या हाताला दोष दिला. तेल काढून जीएल-४चं ९० नंबर घातलं आणि पंधरा दिवसांत आवाज बराच उतरला. पूर्ण गेला नाही, झिजलं ते झिजलं. पहिल्या गिअरला सिंक्रोच नाही, तिथे कोणतंही तेल उपयोगाचं नाही. गाडी पूर्ण थांबवा आणि मग टाका. ९० हा आकडा बघून 'एवढं जाड?' असं वाटू देऊ नका. गिअर ऑइलचं माप वेगळं असतं. तापल्यावर ९०चं गिअर ऑइल आणि ४०-५०चं इंजिन ऑइल जवळपास सारख्याच अंगाचं असतं.

मागच्या डिफरन्शियलला तेच जीएल-५ खुशाल घाला, तिथे त्याचं घर आहे. हल्ली दोन्ही ठिकाणी चालेल असं लिहिलेले डबेही मिळतात. मी जुन्या वळणाचा, दोन वेगळे डबे आणतो आणि झाकणावर मार्करने 'पुढे' आणि 'मागे' लिहितो.

ब्रेकला डॉट-३ प्रतीचं ब्रेक ऑइल, सीलबंद लहान डब्यातलं, दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी पितं, आणि पाणी प्यायलेलं तेल घाटात उकळून पायडल तळाला जातो. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, दोन धातूंमध्ये पाणी आलं की कुरतडणं सुरू. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. स्टिअरिंग बॉक्स गळतो. सगळ्यांचाच गळतो. ९० नंबर ओतत राहा.

काढलेलं जळकं ऑइल गटारात ओतू नका. आमच्याकडे शटरिंगवाले ते मागून नेतात, शेजारचे वाळवीसाठी दारांच्या चौकटींना लावतात. मला दोन्ही फारसं पसंत नाही. मी कॅनमध्ये साठवून गॅरेजला देतो, तिथून वापरलेलं तेल गोळा करणारे अधिकृत लोक नेतात.

तर तुमची १९८६ची. फ्लश नको. आधी साधं, स्वस्तातलं २०डब्ल्यू-५० घालून तीनशे किलोमीटर सावकाश चालवा, ते काढा, नवा फिल्टर लावा, मग चांगलं घाला. गाळ हळूहळू निघू दे. पण चार वर्षं उभी होती, तेव्हा शक्य असेल तर त्याही आधी चेंबर उतरवून जाळी बघून घ्या. आणि गिअरबॉक्सचा खालचा ड्रेन नट सोडायच्या आधी वरचा, बाजूचा, तेल भरायचा नट सुटतो का ते बघा. तो गंजून बसलेला असतो. खालचा सोडून सगळं तेल परातीत काढलंत आणि वरचा हललाच नाही, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सनिशी अंगणात आणि तुम्ही पाना हातात घेऊन मला फोन करत बसाल. आज संध्याकाळी त्या नटावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. डबे नंतर आणा.