उलट्या क्रमाने पाहिलेलं पॅरामाउंट

"सगळं हाकेच्या अंतरावर आहे हो," असं ज्यांनी सांगितलं, ते गृहस्थ लॉस एंजलिसमध्ये कधी पायी चाललेले नसणार. निकाल आधीच देतो: पॅरामाउंट हा हॉलिवूडचा जुना सिनेमा स्टुडिओ बघाच, पण माझ्या क्रमाने अजिबात नको.

मी बी लाइन मेट्रोने हॉलिवूड-व्हाइनला उतरलो आणि 2 किलोमीटर खाली मेलरोज अॅव्हेन्यूला गेलो. रस्ता सरळ, उताराचा. दोन तासांची टूर आधी बुक करून जा. ती झकास झाली, जास्त लिहीत नाही. फक्त एक गोष्ट चुकवू नका. आत एका पार्किंगच्या टोकाला ढगांसकट आकाश रंगवलेली अवाढव्य भिंत आहे. गाड्या उभ्या असतात तो खोलगट भाग म्हणजे चक्क टाकी. समुद्र हवा असला की गाड्या हटवायच्या आणि पाणी सोडायचं. मी गेलो त्या दिवशी समुद्राच्या तळाशी ऑइलचे डाग होते.

बाहेर पडल्यावर गावर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मान वर करा. छतावरचा पृथ्वीचा गोल शेजारच्या आरकेओ स्टुडिओचा. ती जागा 1957 मध्ये ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ या टीव्हीवरच्या जोडप्याच्या देसीलू कंपनीने घेतली. गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाने 1966 मध्ये पॅरामाउंट घेतलं, 1967 मध्ये देसीलूही घेतली, आणि दोन शेजारी एक झाले. गोल फुटपाथवरून फुकट दिसतो.

आणखी एक, जे वाचून जावं. सिनेमा आपण काढायचा, आपणच वितरित करायचा आणि आपल्याच थिएटरात लावायचा, हा पॅरामाउंटचा खरा धंदा. सगळ्या स्टुडिओंत जास्त थिएटरं यांच्याकडे होती. 1948 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हा खेळ मोडला आणि थिएटरं वेगळी काढावी लागली. त्या खटल्याच्या नावातच पॅरामाउंट आहे.

आता तो टप्पा, जिथे माझा क्रम फसला: पॅरामाउंटचा जुना तबेला.

1913 च्या डिसेंबरात दिग्दर्शक सेसिल डमिल यांनी 'द स्क्वॉ मॅन' या सिनेमाचं शूटिंग सुरू केलं ते सेल्मा आणि व्हाइनच्या कोपऱ्यावरच्या भाड्याच्या तबेल्यात. मालकाचे घोडे तिथेच. घोडे धुतले की पाणी टेबलाखाली यायचं आणि डमिल पाय कचऱ्याच्या टोपलीत ठेवायचे, असं सांगतात. हा सिनेमा काढणारी निर्माते जेसी लॅस्की यांची कंपनी 1916 मध्ये अॅडॉल्फ झुकर यांच्या कंपनीत मिसळली आणि त्यातूनच पुढे पॅरामाउंट झालं. पुढे 1926 मध्ये स्टुडिओ मेलरोजवर गेला, तेव्हा तबेलाही उचलून नेला! तिथे तो बरीच वर्षं व्यायामशाळा होता. आता त्याचं म्युझियम झालंय, हायलँड अॅव्हेन्यूवर, हॉलिवूड बोल या खुल्या नाट्यगृहासमोर.

मेलरोजपासून तिथवर साधारण 5 किलोमीटर. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला माणूस 5 किलोमीटरला काय घाबरणार, म्हणून भर दुपारी दोनला निघालो. ऑगस्ट. झाडाचं पान नाही. फ्रँकलिन अॅव्हेन्यू ओलांडला की चढ सुरू होतो, आणि हायलँड हा रस्ता राहतच नाही, 101 फ्रीवेत घुसणाऱ्या गाड्यांचा लोंढा होतो. हातभर अंतरावरून गाड्या जातात, कानात दडे बसतात. बाटली अर्ध्यातच संपली. नळीच्या वाटेत निदान शिव्या घालायला जोडीदार होता.

पोचलो तर दार बंद. तबेला रोज उघडत नाही, हे न पाहता निघालो ही चूक माझीच. काचेला नाक लावून अंधार पाहिला. संध्याकाळी बोलमध्ये कार्यक्रम होता, म्हणून कॅबवाल्याने दीड किलोमीटरचे 34 डॉलर मागितले. पाय उठत नव्हते, दिले. मेट्रोचं तिकीट 1.75 डॉलर आहे.

तेव्हा तुम्ही असं करा. उघडण्याचा वार पाहून आधी हॉलिवूड-हायलँडला उतरा, चढ ताज्या पायांनी संपवा, तबेला आतून बघा. मग त्याच वाटेने खाली स्टेशनला या आणि एक स्टेशन पुढे व्हाइनला जा. सेल्माचा कोपरा तिथून जवळ आहे, तबेल्याचा मागमूस नाही, थांबू नका. पुढे मेलरोजपर्यंत उतारच. दोन लिटर पाणी घ्या, आणि टूर दुपारची ठेवा.

मी शनिवारी पुन्हा गेलो. मेट्रोने, सकाळी, टोपी घालून. तबेल्यात पंखा होता, मी अर्धा तास त्याच्याखालीच उभा होतो.