निशाणी 27

वाळूजच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. बाळंतपणाच्या रजेवर असताना घरी रजिस्टर पत्र आलं: न कळवता गैरहजर, म्हणून कामावरून कमी. पोरगी सव्वा महिन्याची होती. त्याच लाईनवरचा एकजण दोन महिने गावाकडं राहून आला, त्याला माफीनाम्यावर परत घेतलं.

कामगार न्यायालयात हरले. 'अर्जदाराने स्वतःहून काम सोडले,' असं निकालात आलं. वरच्या औद्योगिक न्यायालयात रिव्हिजन करायची, म्हणजे निकाल तपासून घ्यायचा, तर वकिलाला द्यायला पैसा उरला नव्हता. (बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही आधी तिथं विचारा.)

निकालाची नक्कल काढली. रात्री पोरगी झोपली की पेन्सिल घेऊन बसायचे. पाचव्या-सहाव्या वाचनात ध्यानात आलं, माझं ई.एस.आय.चं (कामगार विम्याचं) बाळंतपणाचं प्रमाणपत्र, कोर्टानं त्या कागदाला दिलेला नंबर निशाणी 27, त्याचा निकालात उल्लेखच नाही. कंपनीचं पत्र तर बाळंतपणाच्या रजेच्या 26 आठवड्यांच्या आतलं. तेव्हाच्या ई.एस.आय. कायद्याचं कलम 73 म्हणायचं, बाळंतपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. त्या काळात दिलेली नोटीसही चालत नाही.

रिव्हिजन मग वकिलाशिवायच केली. तारखेला गंगापूरहून पहिल्या एसटीनं निघाले. पुकारा झाला आणि मी पार सुरुवातीपासून सांगायला लागले. सातव्या महिन्यात उभं राहून केलेलं काम, सुपरवायझरचं बोलणं. न्यायाधीश साहेबांनी थांबवलं.

"बाई, रिव्हिजनच्या कलम 44 खाली मला पुरावा नव्यानं तोलता येत नाही. निकालात चूक कुठं आहे, तेवढं दाखवा."

घशाला कोरड पडली. इतकी वर्षं साठवलेलं सगळं तिथं बोलायचंच नव्हतं. फाईलमधल्या दोन पानांना लाल दोरा बांधून ठेवला होता, तो बोटांना लागला.

"साहेब, निशाणी 27. आणि कंपनीच्या पत्रावरची तारीख."

साहेबांनी एका पानात बोट ठेवून दुसरं उघडलं. परत पहिलं. मग कंपनीच्या वकिलांना विचारलं, "निशाणी 27 चा विचार निकालात कुठं केलाय?" वकील पानं चाळत राहिले. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

पुढच्या तारखेला आदेश झाला. खालचा निकाल रद्द, निशाणी 27 विचारात घेऊन प्रकरण पुन्हा ठरवायचं. काम अजून मिळालेलं नाही, खाली परत तारखा सुरू आहेत. त्या दिवशी मात्र कोर्टातून निघायच्या आधी नक्कलेचा अर्ज टाकला.