टर्बो गाडीचा इनटेक घरी बदलताना

कॅलिफोर्नियातल्या गॅरेजची मजुरी ऐकली की पुण्यात गाडी मिस्त्रीच्या हवाली करून निश्चिंत होणारा माणूसही स्वतः पाना हातात घेतो. माझेही तसेच झाले. गाडी 2017 सालची सुबारू डब्ल्यूआरएक्स, 2 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 268 अश्वशक्ती. तिच्या मूळ एअर बॉक्सच्या (एअर फिल्टरच्या डब्याच्या) जागी दुसरा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा फिल्टर-नळीचा संच बसवायचा, एवढेच काम होते.

निवडीतच जास्त वेळ गेला. या राज्यात अशा भागाला कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाची मंजुरी लागते आणि स्मॉग चेकच्या, म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी तपासणीच्या वेळी त्या मंजुरीचा क्रमांक तपासला जातो, त्यामुळे बरेचसे पर्याय आपोआप गळाले. उरलेल्यांत मी मुख्यतः मास एअरफ्लो सेन्सरच्या नळीचा आतला व्यास पाहिला. हा सेन्सर समोरून जाणाऱ्या हवेच्या प्रवाहावरून एकूण हवेचा हिशेब करतो. नळी 70 मिलिमीटरऐवजी 73 मिलिमीटरची असेल तर तिचे क्षेत्रफळ सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, तेवढ्याच हवेचा वेग कमी भरतो, आणि हवा कमी आली असे समजून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पेट्रोलही कमी सोडतो. टर्बो दाब देत असताना मिश्रण असे पातळ झाले तर इंजिनात नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी, ठोके देत जळणे, होण्याचा धोका असतो. म्हणून ट्यूनिंगशिवाय (ईसीयूतले हिशेब न बदलता) चालणारा, मूळ मापाशी जुळणारा आणि कोरडा फिल्टर असलेला संच मी घेतला. तेल लावलेल्या फिल्टरचे तेल सेन्सरच्या तारेवर बसण्याची धास्ती मला नको होती.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवली, सेन्सरचा प्लग काढला आणि एअर बॉक्स बाहेर घेतला. सेन्सर दोन छोट्या स्क्रूंवर असतो. तो बाणाची दिशा पाहून, आतल्या तारेला बोट न लावता नव्या नळीत बसवला. टर्बोच्या तोंडाशी जाणाऱ्या नळीला बायपास व्हॉल्व्हची (पाय काढल्यावर टर्बोची जादा हवा परत वळवणारी झडप) आणि क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागाची) अशा दोन नळ्या येऊन मिळतात. त्या जागच्या जागी ठेवल्या. बायपासची हवा एकदा मोजलेली असते, ती बाहेर सोडली तर पुढचा हिशेब बिघडतो. ‘फुस्स’ आवाजाच्या हौसेपायी लोक ती सोडतात, हा भाग वेगळा.

पहिल्या फेरीनंतर फोनवर ओबीडीचे, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेचे आकडे पाहिले. गाडी जागेवर चालू असताना फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती) अधिक 8 टक्के दिसत होता, म्हणजे सेन्सरच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत येत होती. मी नुकताच हाताळलेला भाग म्हणजे सेन्सर आणि टर्बो यांच्यामधली नळी, म्हणून मी थेट तिच्या सिलिकॉनच्या जोडाकडे वळलो. एकदा तापून निवल्यावर सिलिकॉन बसते आणि क्लॅम्प सैल पडतात. स्क्रू पाव फेरा आवळल्यावर आकडा 3 टक्क्यांवर आला आणि तिथेच स्थिरावला.

ताकदीत फरक पडला असे मी म्हणणार नाही. टर्बो हवा ओढतानाचा आवाज मात्र आता केबिनमध्ये स्पष्ट येतो, आणि तो मला आवडतो. मंजुरीचा स्टिकर बॉनेटखाली लावला आहे. मूळ एअर बॉक्स खोक्यात भरून माळ्यावर ठेवला आहे, कारण गाडी विकताना गिऱ्हाईक बहुधा तोच मागेल.